उघड्या तळहातावरची गोळी

विश्वनाथअप्पांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढं मला कळतं. पण स्वतःच्या अमृतमहोत्सवातसुद्धा अप्पांना खोटं लिहिलेलं चालणार नाही, आणि छपाईआधी हा लेख ते वाचणार आहेत असं संपादकांनी कळवलं आहे. तेव्हा घडलं तसं लिहिते.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचं आमचं निवासगृह लातूरच्या जरा बाहेर, नांदेड रस्त्याला आहे. तिथे मी परिचारिका. अप्पा उदगीरचे. तिथल्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, त्यांचं औषधांचं दुकान होतं. पत्नी कस्तुरबाई आधी माणसं विसरू लागल्या, मग घर विसरू लागल्या. तेव्हा अप्पांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि त्यांना आमच्याकडे आणलं. स्वतःसाठी जवळच एक खोली केली.

दाखल करायला आलेली मंडळी सहसा औषधांची पिशवी माझ्या टेबलावर उपडी करतात. अर्धवट पट्ट्या, कधीचं तरी खोकल्याचं औषध, वारलेल्या आजोबांच्या गोळ्या, सगळं त्यात निघतं. अप्पांनी एकेक पट्टी ओळीने मांडली. प्रत्येकीवरची मुदतीची तारीख शाबूत होती. "पट्टी कापताना तारखेची बाजू शेवटाला ठेवायची, सिस्टर," ते म्हणाले. मग त्यांची नजर आमच्या औषधांच्या कपाटावर गेली. "किल्ली कुठं असते?" मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर ते फक्त "हं" म्हणाले. सरकारी दवाखान्यात जिचे केस पांढरे झाले, तिने दुकानदाराचा तो 'हं' कसा सोसावा? आले उंटावरचे शहाणे, असं मी मनात म्हटलं.

उठताना मात्र त्यांचा आवाज खाली आला. "तिला झटके येतात. गोळी चुकून चालत न्हाई. पर मला द्यायला लावू नगा. माझ्या हातचं ती पानीसुदिक घेत न्हाई."

याचं कारण त्यांनी कधी झाकलं नाही. आमच्या प्रत्येक नव्या मदतनीस बाईला ते पहिल्याच दिवशी सांगतात, म्हणूनच मी इथे लिहायला धजते. घरी कस्तुरबाई गोळी थुंकून टाकत. अप्पांनी एकदा ती चुरून हुग्गीत, म्हणजे आपल्याकडच्या गव्हाच्या खिरीत कालवली. हुग्गी कस्तुरबाईंच्या भारी आवडीची. पहिलाच घास कडू लागला. त्यांनी तो थुंकला, अप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "इख घालून राहिले का मला?" हे आपले पती, हे त्यांना तेव्हाही धड आठवत नव्हतं. पण या माणसाने माझ्या ताटात काहीतरी लपवलं, हे मात्र मनात पक्कं बसलं. बाकी सगळं पुसलं जात होतं, तेवढं पुसलं जाईना. जन्मभर गावाला औषधं देणाऱ्या माणसाच्या हातचं घरच्याच बाईने सोडलं, हे दुःख घेऊन अप्पा आमच्या दारात आले होते. "एकदा तरी तिनं माझ्या हातून काही घ्यावं, बस," असं ते मला पुढे एकदा म्हणाले. दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

पत्नीजवळ बसता यावं म्हणून अप्पा सकाळीच येत. पण कस्तुरबाई त्यांना जवळ बसू देत नसत. मग ते औषधांच्या खोलीत बसू लागले. रिकामा माणूस गप्प बसणार थोडाच? हळूहळू कपाट लागलं, किल्ली खिळ्यावरून उतरून जबाबदार बाईच्या कमरेला गेली. विश्वस्तांनी एके दिवशी औषधांची सगळी देखरेखच अप्पांवर सोपवली. मी कुरकुर केली. ती फार दिवस टिकली नाही, कारण मध्येच गंगाबाईंचा प्रसंग घडला.

गंगाबाई हदगावकडच्या शेतकरी घरातल्या, माहूरच्या रेणुकेच्या भक्त. गोळी म्हटली की तोंड घट्ट मिटायच्या, पण देवीच्या प्रसादाला कधी नाही म्हणायच्या नाहीत. त्यांचे चिरंजीव मारोतराव भेटीला येताना माहूरहून कुटलेल्या विड्याचा तांबूल आणत. आई लेकाचं ऐकते, म्हणून आमच्या एका मदतनीस बाईंनी सकाळच्या गोळ्या मारोतरावांच्या हातात दिल्या आणि नोंदवहीत 'दिल्या' म्हणून सही ठोकली. मारोतरावांनी त्या तांबुलातच कुटून घातल्या. आईने हात जोडून सगळं खाल्लं. लेकाला केवढं समाधान झालं असेल. पण त्यातली रक्तदाबाची गोळी दिवसभर हळूहळू सुटावी अशी बनवलेली होती. कुटल्यामुळे ती एकदम अंगात भिनली आणि गंगाबाई बसल्या जागी कोसळल्या. डॉक्टर नोंदवही बघतात, तर सगळं बिनचूक.

मारोतराव कट्ट्यावर डोकं धरून बसले होते. अप्पा त्यांच्याशेजारी जाऊन टेकले. आधी पाणी दिलं, मग आई सकाळी काय जेवली, कशी जेवली, हे बारकाईने विचारलं. तेव्हा तांबुलाचं निघालं.

"देवीच्या परसादानं कामून असं व्हईल हो अप्पा?" मारोतरावांना हुंदका आवरेना.

"परसादानं न्हाई झालं. गोळी कुटल्यानं झालं. अन् कुटायची नसते हे तुमाला कुनी सांगितलंच न्हाई. त्यो दोष आमचा, तुमचा न्हाई."

कारण कळलं तसे उपचार झाले आणि गंगाबाई सावरल्या. त्या दिवशी अप्पांनी त्या मदतनीस बाईंनाही बोल लावला नाही. संध्याकाळी चहाला सगळ्यांना एकत्र बसवलं आणि म्हणाले, "'दिली' असं लिहायला आपल्याला लई आवडतं. 'घेतली न्हाई' असं लिहायची लाज का वाटावी? म्हाताऱ्या मानसानं न्हाई म्हनलं तर त्ये न्हाईच लिहा. डॉक्टर त्यावरच तर इचार करतील."

आज आमच्याकडे जी शिस्त दिसते, ती त्या चहातून निघाली. आमच्याकडचे वृद्ध कुठल्याही नावाला 'ओ' देतात, म्हणून प्रत्येकाच्या तक्त्यावर फोटो असतो आणि तो पाहिल्याशिवाय गोळी पुढे जात नाही. घरून आलेलं औषध आधी कपाटात येतं. सही होते ती गोळी घशाखाली उतरल्यावर. गोळी फोडायची झाली तर डॉक्टरांना विचारून. पुष्कळदा तेच औषध पातळ मिळतं. आणि लपवून देण्याबद्दल अप्पांचं म्हणणं असं, की तशी वेळ आलीच तर डॉक्टर, घरचे आणि आपण मिळून बसू, ठरवू, लिहून ठेवू. एकट्याने स्वयंपाकघरात ठरवायचं नाही. नांदेडच्या एका संस्थेतल्या बायका हे सगळं पाहायला आल्या होत्या. त्यांना अप्पांनी आधी हुग्गीची गोष्ट सांगितली, कपाट नंतर दाखवलं.

गोळ्या देणं चालू असताना देणाऱ्याशी मध्येच कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. आमचे अध्यक्ष एकदा पाहुण्यांना घेऊन आले आणि दारातूनच "अप्पा, हे बघा कोण आलंय" म्हणाले. अप्पांनी मागे न वळता नुसता हात वर केला. अध्यक्ष पाहुण्यांसकट दारातच उभे राहिले. सगळ्यांच्या गोळ्या झाल्यावर अप्पा वळले आणि "या की, चहा घेऊ" म्हणाले, जसं काही झालंच नाही. मी तोंडाला पदर लावून हसले ते अध्यक्षांनी पाहिलं असावं.

माणसाचा मान राखायची त्यांची तऱ्हा मात्र फार हळवी आहे. आमच्या मदतनीस खैरुनभाभी कामाला वाघ, पण औषधाच्या पाळीला नेहमी दुसऱ्या कुणाला पुढे करायच्या. त्यांना वाचायला जड जातं, हे अप्पांनी ओळखलं. एके दुपारी एक भिंग आणून त्यांच्यासमोर ठेवलं. "पट्टीवरची अक्षरं लई बारीक छापून राहिलेत लोक. मलाबी दिसत न्हाईत. आपन दोघं मिळून वाचू." पुढचे कित्येक दिवस दोघं दुपारी खिडकीशी बसून पट्ट्या वाचत. "अप्पांनी माझी अब्रू ठेवली," असं खैरुनभाभी अजून सांगतात. आता सकाळची पाळी त्यांचीच असते.

त्याच सकाळच्या पाळीतलं हे शेवटचं. अप्पा आणि खैरुनभाभी औषधांची गाडी घेऊन खाटेखाटेशी जातात. अप्पा प्रत्येकासमोर स्टूल घेऊन बसतात, डोळ्याला डोळा भिडेल इतके खाली. गोळी उघड्या तळहातावर ठेवतात आणि ती कशाची आहे हे सांगतात, समोरच्याला कळो न कळो. कस्तुरबाईंची खाट आली की मात्र ते मागे सरकून भिंतीला टेकत आणि भाभी पुढे होत. कधी गोळी जायची, कधी 'घेतली नाही' लिहावं लागायचं. तसं लिहिलं त्या दिवशी अप्पा दिवसभर त्यांच्या दाराशी घुटमळत, झटका येतो की काय या धास्तीने. मलाही राहवत नसे. एकदा मीच म्हटलं होतं, "अप्पा, मी बघून न बघितल्यासारखं करते, द्या तिळाच्या लाडवात घालून." ते म्हणाले, "एकदा घातली सिस्टर. काय झालं त्ये बघताव ना."

आणि मग एका सकाळी कस्तुरबाईंनी भाभींचा हात बाजूला केला. भिंतीशी उभ्या अप्पांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यो औषधवाला देऊ दे. मी बघून राहिले रोज. त्यो लपवत न्हाई."

भाभी बाजूला झाल्या, मी दारातच उभी होते. अप्पा स्टुलावर बसले. तळहात उघडला. "बाई, ही झटक्याची गोळी हाय. कडू हाय. घेतली तर झटका येत न्हाई."

"कडू हाय म्हनून सांगितलं, ह्ये बरं केलं," असं म्हणून कस्तुरबाईंनी गोळी उचलली, तोंडात टाकली, वर अप्पांच्याच हातचं पाणी प्यायल्या. अप्पांनी तक्त्यावर सही केली. ती इतकी वाकडी आली की त्यांची आहे असं कुणी म्हणणार नाही. मी रडले, हे लिहायला मला संकोच नाही.

तेव्हापासून रोज तेच देतात. पती म्हणून ओळख परत आलेली नाही, आणि ती येईल असं आमच्यापैकी कुणी अप्पांना सांगत नाही. परवा गोळी झाल्यावर कस्तुरबाईंनी त्यांना थांबवलं. "औषधवाले, तुमीबी थकल्यावानी दिसून राहिले. तुमच्याकडं बघायला घरी कुनी हाय का?"

"हाय की," अप्पा म्हणाले.

"चांगली हाय?"

"लई चांगली हाय."

"मंग तिला सांगा, म्हनावं, ह्या मानसाला जप."

अप्पांनी मान हलवली. तो निरोप ज्यांना पोचवायचा, त्यांनीच तो दिला होता. म्हणून आम्ही सगळ्यांनी तो आपल्याकडे घेतला आहे. अप्पा, पंच्याहत्तरी झाली. हातपाय धड राहोत, नजर धड राहो, रात्रीची झोप शांत लागो आणि तुम्ही शंभरी गाठा. सकाळ झाली की कस्तुरबाई खाटेवर उठून बसतात आणि दाराकडे बघत राहतात. खैरुनभाभींनी गोळी पुढे केली तर म्हणतात, "थांबा जरा, त्ये येतीलच."