जेवणाच्या कुपनासाठी सही

येळ्ळूरच्या जोतिबाला बेळगावातले निम्मे कारकून ओळखतात, आणि त्यातले निम्मे त्याला लांबून बघितलं की चहाला उठतात. कानडी कागद पुढे आला की हा गडी हात मागे घेतो. "मराठीत द्या. वाचल्याबिगर सही न्हाय." कानडी त्याला फाडफाड येतं, उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर तेच बोलतो. पण सही म्हटली की मराठी. या हट्टापायी विजेच्या जोडणीशिवाय चार महिने अंधारात काढले पठ्ठ्यानं. अशा माणसानं जन्मात एकाच कागदावर न वाचता सही केली, आणि ती नेमकी त्याच्या मुळावर आली.

मी भीमरत्न. कोर्टाच्या आवाराबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी, सगळं करून देतो. लोकांची दुःखं टाइप करून करून माझं कातडं जाड झालंय, असं मी समजत होतो. मग जोतिबा आला.

कारखान्यानं त्याला मशीन बसवायला हैदराबादला पाठवलं होतं. तिथं पहाटे पाचला फोन आला, आई गेली. आई म्हणजे अंबुबाई. जोतिबा तिचा एकुलता मुलगा. मालकानं सकाळी साडेनऊच्या विमानाचं तिकीट काढून दिलं. दुपारी बारापर्यंत येळ्ळुरात पोचायचा हिशेब होता. घरच्यांनी मयत दारात ठेवलं आणि जोतिबाची वाट बघत बसले.

विमान काही निघेना. आधी तासाभराचा उशीर म्हणाले, मग दोन तासांचा, मग यंत्रात बिघाड. दुपारी एकच्या सुमाराला काउंटरवरची मुलगी कागद घेऊन आली. छातीवर नाव होतं पारमिता. ह्याचं बोलणं ऐकून तिनं मराठीतच विचारलं, "अण्णा, बेळगावकडचं काय तुमी? मी खानापूरची."

"तिकडं सगळी हिंदी-इंग्रजी, त्यात कुणीतरी अण्णा म्हटलं," जोतिबानं मला सांगितलं. "डोळ्यात पाणीच आलं बघा. म्हनली, जेवणाच्या कुपनासाठी सही लागती. केली मी. वाचायचं सुचलंच न्हाय. आपलीच पोरगी."

विमान संध्याकाळी पाचला सुटलं. बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरून त्यानं फोन चालू केला, तर चुलतभावाचा निरोप: दिवस मावळायच्या आत उरकावं लागलं. अग्नी चुलतभावानं दिला.

गाव दोन दिवस कुजबुजून गप्प झालं. गप्प झाली नाही ती थोरली बहीण, अक्काताई. शेजारच्या कुणीतरी शहाण्यानं तिच्या कानात भरवलं की विमानाला उशीर झाला तर कंपनी दुसऱ्या विमानानं पाठवते, मागावं लागतं फक्त. दिवसकार्य झालं आणि तिनं भावकीसमोर सांगितलं, "आई दिवसभर दारात पडलीती आणि तू तिथं बसून जेवत हुतास. तुला यायचंच नव्हतं." त्या दिवसापासून तिनं भावाचा उंबरा सोडला. दोन गल्ल्या पलीकडे राहते, समोरून आला तर पदर ओढून वळते.

"कोर्टाचा कागद आणतो," जोतिबा तिच्या दारात उभा राहून म्हणाला होता. "कोर्ट तर खोटं बोलत न्हाय नव्हं? चूक कुणाची ते त्यात वाचून घे." आतून ती म्हणाली, "आण. मग बघू."

एवढ्यासाठी ग्राहक न्यायालयात तक्रार. भरपाईचा रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून मीच एक आकडा टाकला. त्यानं तो वाचलासुद्धा नाही. त्याला फक्त गोल शिक्क्याखाली एक वाक्य हवं होतं, चूक कंपनीची.

मग तारखा. वकील आला नाही, साहेब रजेवर, कंपनीला अजून मुदत. प्रत्येक तारखेला जोतिबा रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि दुपारी माझ्या खुर्चीत बसून डबा खायचा. एकदा कंपनीच्या वकिलानं तडजोड आणली: तक्रार मागे घ्या, वर्षभरात कुठंही जायचं फुकट तिकीट देतो.

"कुठं जाऊ?" जोतिबा म्हणाला. "जिच्याकडं जायचं हुतं ती गेली की."

दीड वर्षानं कंपनीनं तो कागद काढला. इंग्रजीत छापील, खाली जोतिबाची मराठी सही, वळणदार. मी तो दोनदा वाचला. कुपनाचं त्यात अवाक्षर नव्हतं. लिहिलं होतं: मला बंगळूरमार्गे दुसऱ्या विमानाची सोय देऊ केली होती. ती नाकारून मी स्वखुशीने थांबलो आहे.

मी म्हटलं, "अजून वेळ आहे. त्या पोरीचं नाव घालून प्रतिज्ञापत्र करू. फसवून सही घेतली म्हणून तिला साक्षीला बोलवू."

"न्हाय."

"अरे, न्हाय काय? हातचं जातंय सगळं!"

"तिला तरी काय ठाऊक असंल त्यात काय लिवलंय ते? वरून सांगितलं, तिनं आणलं. लांब जाऊन नोकरी करतीय बिचारी. तिच्या पोटावर पाय न्हाय द्यायचा मला."

मी चिडलो, वाटेल ते बोललो. त्यानं डबा बंद केला आणि निघून गेला. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचा राग आला होता आणि आपल्यात हे धाडस नाही याची लाजही वाटत होती.

निकाल लागला. त्याच सहीच्या कागदावर बोट ठेवून तक्रार फेटाळली. निकालाची प्रत घेऊन तो माझ्याकडे आला, म्हणाला, "मराठीत करून द्या. अक्काला द्यायचंय."

"हे? हे कशाला देतोस?"

"कोर्टाचा कागद आणतो म्हटलंतं मी."

मी टाइप करत गेलो. 'स्वखुशीने' या शब्दापाशी बोटं थांबली. म्हटलं, एवढा एक शब्द गाळतो, कुणाला कळतंय? तो खुर्चीतून वाकून पडद्याकडे बघत होता. "जसं हाय तसं लिवा," म्हणाला. मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला आणि घडी घालून नेला.

आठवड्यानं दुकानावरून जाताना दिसला. मी हाक मारली. "काय म्हणाली अक्काताई?"

"नातीकडनं वाचून घेतलं. म्हनली, मग मी काय येगळं सांगत हुती?"

"आणि तू कुपनाचं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हनली, कागदात दाव."

कागदात ते नाही. त्याचे सगळे कागद मीच टाइप केलेत, मला ठाऊक आहे.