शर्टाच्या खिशातली फ्लॉपी

बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या आमच्या मराठी वाचनालयाचा प्रिंटर चालू करायला कंप्युटर दुरुस्त करणारे अण्णा येत, ते राजवैद्याच्या तोऱ्यात. "स्वल्प सरका," म्हणत आमच्याकडे पाठ करून कंप्युटरचा पडदा झाकत, शर्टाच्या खिशातली फ्लॉपी काढून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, आत घालत आणि छपाई झाली की तो पुसून टाकत. त्याच्याशिवाय प्रिंटर म्हणजे नुसतं खोकं. पुढच्या वेळी पुन्हा अण्णांची मनधरणी.

"अण्णा, राहू द्या की तो कंप्युटरात."

"व्हायरस लागतो. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

एकदा शिवणकारखान्यातल्या बायकांच्या सभेची पत्रकं छापायची होती. सभा त्याच संध्याकाळी होती. अण्णांनी फ्लॉपी क्षणभर टेबलावर ठेवली आणि तिच्यावर मला आमच्याच वाचनालयाचा शिक्का दिसला. प्रिंटरबरोबर आलेली फ्लॉपी हीच! आम्ही ती वर्षभर कपाटात शोधत होतो.

"अण्णा, ही तर आमची!"

"तुमचीच की. मी जपली म्हणून हाय." त्यांनी ती उचलून खिशाशी नेली. "सरी, बरं तर, आता छापू का उठू?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "छापा, अण्णा."

पत्रकाचा मथळा मीच लिहिला होता: 'कुणापुढेही मान झुकवू नका.'