"ट्राय करतो" म्हणे!

ग्रुपवाल्या सगळ्यांनो, आज डोकं फिरलं आहे माझं, म्हणून लिहून राहिली.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सकाळीच दवाखान्यात बोलावलं होतं. माझा भाऊ कामठीले राहते, त्याच्याकडे गाडी आहे. काल फोनवर गाडी घेऊन ये म्हटलं तर म्हणे, "ट्राय करतो ताई."

आई तयार होऊन ओट्यावर बसली. मी ऑटो आणला तर चढायलेच तयार नाही. "काहून घाई करून राहिली वं? पोरगा येतो म्हणला ना!" शेवटी हात धरून ओढतच नेलं. तोवर नंबर गेला. आता पुढच्या महिन्यात या म्हणे. म्हणजे अजून महिनाभर आई भिंत चाचपडत चालन.

दवाखान्यातूनच भावाले फोन लावला. तो म्हणे, "मी ट्राय करतो म्हटलं होतं, येतो कुठं म्हटलं?"

"मग काय ट्राय केलं गा? गाडीची चावी तरी हातात घेतली का?"

त्यानं फोनच कापला.

माझ्या पोरीनं मोबाईलमध्ये पाहून सांगितलं, ट्राय म्हणजे प्रयत्न करणं. अन मुळात तो शब्द निवडण्याचा होता म्हणे, जसे आपण तांदळातले खडे काढतो. म्हणजे हात चालवावा लागते त्यात! आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसली का हा शब्द काढतात. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी भांडली असती, पण आईले वेळेवर पोचवलं असतं.

तुम्हीही कोणाले उद्याचं ट्राय करतो म्हणून ठेवलं आहे का? येत नसान तर आत्ताच फोन करून नाही म्हणा. शिव्या खा, पण म्हाताऱ्या माणसाले वाट पाहायले लावू नका.