सोनेरी माशाला सोबत

माझं लग्न झालं तेव्हा मला सतरावं होतं, आणि ज्यांच्याशी झालं त्यांना आठ वर्षांची मुलगी होती. बिजवर म्हणून वडील आधी नको म्हणत होते, पण साताऱ्यात आम्ही बहिणीच बहिणी, मग नको तरी किती दिवस म्हणणार. सांगलीला ह्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ, मागं दोन खोल्या, तेवढाच संसार.

स्टुडिओत कॅमेऱ्याच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांत बसवलेली काचेची पेटी होती आणि तिच्यात एक सोनेरी मासा. शोभेला नाही हं, कामाला. लहान मुलं फोटोला बसली की मान हलवतात, आणि हललेलं तोंड फोटोच्या काचेवर उमटायचं ते कणकेच्या गोळ्यासारखं. मासा दिसला की मूल तोंड उघडं टाकून गप्प बसायचं, तेवढ्यात हे काळ्या कापडाखालून काम उरकायचे. लढाईचे दिवस होते. खेड्यातली पोरं पलटणीत जायच्या आधी घरी ठेवायला फोटो काढून घ्यायची, तीही पेटीपुढं थबकायची. एकानं मला विचारलं, "वहिनी, ह्यो कवा कापायचा?" मी म्हटलं, आमच्यात मासे खात नाहीत, पाळलाय तो. तर तो दोस्ताला म्हणतो, "मग आपली शेरडं बी हितंच आणून बांधू गड्या, जगतील तरी."

मुलगी माझ्याशी वाईट वागली असं मी म्हणणार नाही. वाढलं की जेवायची, वेणी घालायला मुकाट्यानं बसायची. फक्त मला तुम्ही म्हणायची. तुम्ही हाक मारलीत का, तुमचं झालं का, सगळं असं, फोटो काढायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. शेजारच्या बायका तिला सांगायच्या, आई म्हण गं. मी कधी सांगितलं नाही. तिची आई भिंतीवरच्या फोटोतून रोज मला दिसत होती, ती जागा मला नको होती. मला नुसतं तू हवं होतं. आमच्याकडं आईला तुम्ही कोण म्हणतं? भूक लागली तरी तू, राग आला तरी तू. मी तर माझ्या आईला दिवसातून शंभरदा तू करत होते आणि लग्न होईपर्यंत मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

मासे आधी तीन होते, तिच्या आईनं हौसेनं मुंबईहून आणवलेले. आई आजारी पडली, पाणी बदलायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि दोन गेले. उरला तो एक. एकदा मी काच पुसत होते तर मुलगी मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा एकटा झुरतोय. तुम्ही ह्याला सोबत आणाल?"

आपण होऊन तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हटलं. माशातलं मला काय कळत होतं? मी हो म्हटलं ते तिला.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, मुंबईत फोटोच्या काचा मिळेनात, मासे कुठले मिळायला. मग आम्ही दोघींनी इथंच शोध सुरू केला. हिवतापवाली माणसं तेव्हा आडांत डास खाणारे बारके मासे सोडून जायची. शेजारच्या आडातले चार-पाच आम्ही पोहऱ्यातून काढले. एवढे एवढेसे, करंगळीच्या पेरासारखे, ते काय करणार असं वाटलं. आमच्या माशाची शेपटी म्हणजे लुगड्याच्या निऱ्या, लांब आणि मऊ. ह्या बारक्यांनी ती कुरतडून कुरतडून जुन्या फडक्यासारखी केली. तो बिचारा गलेलठ्ठ, पळायचा तरी किती? मग आम्ही दोघी पिठाच्या चाळणीनं ते चोरटे काढत बसलो. ते सुळकन निसटायचे, दोघींच्या बाह्या भिजल्या, आणि ती खळखळून हसली. मला वाटलं, आता येतंय तिच्या तोंडात तू. "तो बघा तिकडं गेला," म्हणाली. बघा.

नदीवरच्या भोयाला विचारलं तर त्यानं डबा भरून एक मिशाळ मासा आणला. म्हणाला, "ह्यो तळाला पडून ऱ्हातोय, कुनाच्या अध्यात न्हाई की मध्यात." मुलगी त्या मिशा बघून माझ्या मागं लपली. हे म्हणाले, गिऱ्हाइकांची मुलं रडतील, परत पाठव. पाठवला.

आणि मग मला सुचलं ते घाटाचं. कृष्णेच्या घाटावर मासे धरत नाहीत, देवाचे मासे म्हणतात त्यांना. येणारी-जाणारी माणसं चुरमुरे टाकतात, कणकेच्या गोळ्या टाकतात, आणि ते पायरीपर्यंत येऊन खातात. मी म्हटलं, हे तर आपल्यासारखेच, शाकाहारी, प्रसादावर वाढलेले. हे कुणाला काय चावणार? आता हसू येतं, पण मला ते अगदी पटलं होतं, आणि ह्यांनाही पटलं. आमच्यात मासा कुणी ताटातच पाहिलेला नाही, तर त्याचे दात कोण बघणार.

सकाळी लवकर आम्ही दोघी गेलो. कुणी बघू नये म्हणून पदराखाली डबा. पायऱ्या शेवाळलेल्या, म्हणून तिनं माझं बोट धरलं आणि परत येईपर्यंत सोडलं नाही. दोन चंदेरी पिल्लं आम्ही पंच्यात धरली, देवाला हात जोडले आणि घरी आणली.

पहिले काही दिवस फार छान गेले. तिघं एकत्र फिरायची. शाळेतून आली की ती आधी पेटीकडं यायची, आणि मग मला सगळं सांगायची, आज कोण कुणाच्या मागं होतं, कोण रुसलं होतं. ती चंदेरी पोरं मात्र हां हां म्हणता वाढली. चिमूटभर टाकलं की खाली पोचायच्या आत गट्ट. आमचा थोराड मासा वळेपर्यंत काही उरायचं नाही. मी त्याच्या तोंडाशी वेगळं टाकायला लागले, तेही ती हिसकायची. हे म्हणाले, वय झालं असेल त्याचं. मी मनात म्हटलं, त्या दोघांना परत नेऊन सोडावं. पण सोबत तिनं मागितलेली, ती काढून कशी घेऊ? आज सोडू, उद्या सोडू करत राहिले.

एका सकाळी पडदा सारला तर तो उताणा तरंगत होता. एक डोळा नव्हता. आणि ती दोघं अजून खालून टोचत होती.

ती माझ्या मागोमागच आली होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू मारलंस त्याला. तू आणलेस हे. तूच."

तिनं म्हटलेलं मारलंस मला नंतर लागलं, आधी कानात शिरलं ते तू.

तेवढ्यात हे आतून आले. मोठ्या माणसांशी असं बोलतात का, तू म्हणतात का, म्हणून तिला फैलावर घेतलं, आणि माझ्या पाया पडायला लावलं. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "चुकलं. परत नाही तुम्हाला तसं म्हणणार." मला सांगायचं होतं, अहो, तू राहू द्या तिचं, मारलंस तेवढं मागं घेऊ दे. पण नवऱ्याचं बोलणं त्याच्या तोंडावर खोडायचं धाडस तेव्हा कुठलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हात निघेपर्यंत थांबली, एवढंच.

देवाचे मासे संध्याकाळी हेच नदीत सोडून आले. पेटी पुसून तिच्यात फोटो धुवायच्या औषधांच्या बाटल्या ठेवल्या, आणि गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी खुळखुळा आणला. मुलगी पुन्हा पहिल्यासारखी झाली, किंबहुना जास्तच शहाणी. शब्द पाळला तिनं. वर्षभरानं तिचा मामा लोणंदहून आला आणि म्हणाला, आजी एकटी आहे, तिथंच शिकू दे हिला आमच्याकडं. ह्यांनी तिला विचारलं. ती लगेच हो म्हणाली. मी मिरजेपर्यंत गाडीवर सोडायला गेले. डब्यातून खाली वाकून ती म्हणाली, "ऊन झालंय, तुम्ही घरी जा. तुमचं डोकं दुखतं ना." खोटं नव्हतं त्यात काही. काळजीच होती.

पुढं मला दोन मुलं झाली. ती दिवाळीला यायची, त्यांना कडेवर घेऊन फिरायची, लाड करायची. पोरं दिवसभर माझ्यामागं, आई तू हे दे, आई तू इकडं ये. ती घरात असली की मला त्यांना गप्प करावंसं वाटायचं. दोनतीनदा मी उगाच खेकसलेसुद्धा त्यांच्यावर. मग तीच त्यांची बाजू घ्यायची. म्हणायची, "लहान आहेत, बोलू द्या त्यांना. तुम्ही कशाला रागावता?"