बठ्ठं बराबर शे, पन...

आमच्या सेटवरचे किस्से म्हणजे केळीचा ट्रक भरावा तसं आहे. खालचे घड दबत जातात, वरून नवे पडतच राहतात. मी या मालिकेचे संवाद खानदेशी बोलीत आणून देतो. मूळचा अमळनेरचा, आणि स्वभावाने संशयी. चहात साखर जास्त पडली तरी मला वाटतं, याचं आपल्याकडे काहीतरी काम दिसतंय.

मालिका विनोदी, नाव 'मधली गल्ली'. अलीकडे हिंदू, पलीकडे मुसलमान, आणि नाक्यावर नाना नावाचा घरमालक. दर भागात कुणीतरी खोली बघायला येतं. नाना त्याला चहा पाजतो, गोड बोलतो, आणि शेवटी बायकोच्या कानाशी लागून विचारतो, "बठ्ठं बराबर शे, पन मानूस आपला शे का?" म्हणजे सगळं ठीक, पण माणूस आपल्यातला आहे का? झालं, खोली गेली! नानाची फजिती व्हावी म्हणून आम्ही हे वाक्य लिहिलं. लोकांनी त्याचा रिंगटोन केला. तेव्हापासून लोक नेमके कशाला हसतात याचा मला संशय येतो.

नानाचं काम करतात सलीम देशमुख, पाचोऱ्याचे. हो, देशमुख. पणजोबांच्या आधीपासून हेच आडनाव आहे त्यांचं. तर पडद्यावर सगळ्यांना खोली नाकारणाऱ्या या माणसाला जळगावात खोली मिळत नव्हती. मुलीला इथल्या शाळेत घातलेलं, शाळा उघडायला आलेली, आणि बायको-मुलगी लॉजवर. घर नाही मिळालं तर मालिका सोडून पाचोऱ्याला परत जायचं, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. असा नाना पुन्हा मिळणार नव्हता.

*

शूटिंग जळगावातच, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये चालायचं. एका सीनसाठी सेटवरचं सामान बघणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने दोन माठ ठेवले, एक 'अलीकडचा', एक 'पलीकडचा'. पाणी दोन्हीत एकाच जारचं. मी स्वतः ओतताना पाहिलं.

दुपारी 'अलीकडचा' माठ रिकामा, 'पलीकडचा' काठोकाठ! मी एकेकाला गाठून विचारलं. कॅमेरावाला म्हणाला, तो जरा कोमट वाटतो. लाइटवाला म्हणाला, तो सीनमधला आहे ना. मेकअपवाल्या ताईंना वाटलं, त्याला मातीचा वास येतो. दोन्ही माठ एकाच कुंभाराकडून आणले होते. शेवटी मीच तो प्यायला गेलो, तर दिग्दर्शक म्हणाले, "जपून हं."

*

गल्लीचे सीन आम्ही धुळ्यात एका खऱ्या गल्लीत केले. मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली, वर विटांचा रंग. पहिल्याच दिवशी एका बाजूचे लोक आले. भिंतीची रंगवलेली बाजू तिकडे आणि उघडं लाकूड आमच्याकडे का, यात काय राजकारण आहे? आम्ही मागूनही रंग मारला. मग दुसऱ्या बाजूचे आले. त्यांचा रंग आमच्यापेक्षा ताजा कसा?

शूटिंग संपलं, भिंत काढायला घेतली. तर एका बाजूचे एक काका हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, राहू द्या, एवढी घाई काय आहे. त्यांची पाठ वळते तोवर दुसऱ्या बाजूचे एक चाचा आले. त्यांचंही तेच म्हणणं. मी म्हटलं, अहो, ही प्लायवूडची आहे, पाऊस येईतोवर टिकेल, मग कुजून पडेल.

दोघांनीही मला एकच उत्तर दिलं, "तवलोंग तरी ऱ्हावू द्या."

इतकं एकमत त्या गल्लीत मी पुन्हा पाहिलं नाही.

*

सलीमभाईंच्या बरोबर घरं बघायला मीच जायचो. माणसं इतकी गोड की मला तिथेच धास्ती वाटायची. नाव विचारायचे, सलीमभाई नाव सांगायचे, आणि खोली 'आत्ताच गेली' व्हायची. एका ठिकाणी मालक म्हणाले, पाण्याचा फार प्रॉब्लेम आहे, तुमचे हाल होतील. ते बोलत असताना गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि पाणी आमच्या डोक्यावर पडत होतं. सलीमभाईंनी रुमालाने तोंड पुसलं आणि त्यांचे आभार मानले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "हे पुढच्या भागात टाका." मी टाकलं. लोक पोट धरून हसले. मला मात्र ते लिहिताना रडू येत होतं.

*

मग आबा भेटले. निवृत्त माणूस, बंगल्याचा वरचा मजला रिकामा, आणि 'मधली गल्ली'चे पक्के भक्त. फोनवर त्यांनी आडनाव विचारलं, मी देशमुख सांगितलं. "मंग काय पाह्यनं शे," म्हणाले.

सलीमभाई दारात दिसताच आबांनी मिठीच मारली. "नाना! आमच्या घरी नाना!" चहा आला, आबांच्या पत्नी अक्कांनी शेव आणली. वरचा मजला दाखवला, आणि आबांनी किल्ली सलीमभाईंच्या हातात ठेवली. मला इतक्या सरळपणाचा संशय आलाच होता.

तेवढ्यात लॉजवरून आलेली सलीमभाईंची मुलगी फाटकातून धावत आली. "अब्बू, माझी खोली कोणती?" मागून भाभी आल्या, डोक्यावरची ओढणी सावरत. सलाम म्हणाल्या.

आबांचा चहा बशीतच राहिला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, भाभींकडे पाहिलं, माझ्याकडे तर असं पाहिलं की मी शेव खायचा थांबलो. मग घसा खाकरून त्यांनी हात पुढे केला. "नाना, जरा किल्ली द्या बरं. वरचं कुलूप अडकतं, तेवढं बघून येतो."

कुलूप आमच्यासमोर लोण्यासारखं उघडलं होतं.

सलीमभाईंनी मूठ मिटली. मुलीला जवळ घेतलं. मग मान तिरकी केली, एक भुवई वर, अगदी पडद्यावर करतात तशी. आणि बायकोच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, पन मालक आपला शे का?"

आबा खो खो हसले. रोज संध्याकाळी हसायचे तसेच, सवयीने, मांडीवर थाप मारून.

दारात उभ्या अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हासतस काय? तुमलेच इचारी ऱ्हायनात."