सहावा खर्डा

तिचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेलं होतं. प्रकाशकाच्या कचेरीत, जिन्याखालच्या टेबलावर बसून ती मुद्रितं तपासायची. नवखे लेखक आधी तिच्याकडेच येत आणि ती हातचं राखून न ठेवता सांगे, "पहिली दोन पानं बहुतेक वेळा उडवता येतात. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, जीभ अडखळली की समजा वाक्य लंगडं आहे. आणि प्रकाशक काय छापतो ते आधी बघा. कविता छापणाऱ्याच्या दारात पाकशास्त्र घेऊन जाऊ नका."

तिचा धाकटा भाऊ दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याचा एकुलता एक मुलगा अकराव्या वर्षी तापाने गेला. त्यानंतर आठ वर्षं भावाने पोराबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग एके दुपारी, बोटांवरचं प्लास्टर न धुताच तो कचेरीत आला आणि एक जाडजूड वही पुढे ठेवली.

"ताई, भाऊ म्हणून वाचू नकोस. परका म्हणून वाच."

तिने शब्द पाळला. वही लालेलाल केली. "तू रडू नकोस, वाचणाऱ्याला रडू दे. पाल्हाळ काढ. पुन्हा लिही."

तो पुन्हा लिहायचा. दर खेपेला वही बारीक होत गेली. पाचव्या खर्ड्यातून शाळेचा रस्ता गेला, मुलाच्या मित्रांची नावं गेली.

"आता कसं! कापायला छाती लागते, बाबा."

तो नुसता हसला.

सहाव्या खर्ड्यात मुलाला नावच नव्हतं. सगळीकडे 'तो मुलगा'. तिला ही लेखकाची हुशारी वाटली. समासात तिने लिहिलं, 'सुरेख.'

पंधरा दिवसांनी भावजयीचा फोन आला. "वन्सं, आज हे घरचा रस्ता चुकले. वर्षभर असंच काहीबाही विसरतायत. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्याकडे तर दर आठवड्याला यायचे."

तिने सहाही वह्या टेबलावर मांडल्या. त्याने काहीच कापलं नव्हतं. एकेक गोष्ट त्याच्या हातून निसटत होती आणि ती शाबासकी देत बसली होती.

पहिली वही घेऊन ती प्रकाशकाकडे गेली. "फार पाल्हाळ आहे हो," तो म्हणाला.

"असू दे. यातला एक शब्दही कमी होणार नाही."

तिने फक्त शुद्धलेखन तपासलं. तेही डोळे पुसत पुसत.

पुस्तक निघालं तोवर भाऊ तिला 'बाई' म्हणू लागला होता. गॅलरीतल्या खुर्चीत बसून तो चार दिवस वाचत होता. पाचव्या दिवशी त्याने मान वर केली.

"बाई, ज्याने कोणी लिहिलंय, जीव ओतून लिहिलंय. पोरगा मोठा गोड आहे." मग जरा पुढे वाकून विचारलं, "शेवटी वाचतो ना तो?"

भावजय उठून आत गेली.

"सावकाश वाच," ती म्हणाली. "घाई कसली आहे?"

त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.