मोगऱ्याचं आळं

मळीच्या खताची पिशवी उघडली, की त्या आंबूस वासासरशी मला वालचंदनगरची आमची साखर कारखान्याची क्वार्टर आठवते. वडील निवृत्त झाले होते आणि त्या दिवशी क्वार्टर सोडायची होती. सामान टेम्पोत चढलं, तरी ते अंगणातल्या मोगऱ्याचं आळं सारखं करून पाणी घालत होते.

“अहो, किल्ली द्यायची हाय ना? आता कुणासाठी घालताय?” आई म्हणाली.

“ऊन लई हाय आज,” ते म्हणाले.

मी टेम्पोत बसून त्यांचे चिखलाचे पाय बघत होते. तेव्हा काही वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही. आता घर आमचं आहे, दारापुढची जमीन हक्काची आहे. तरी माझी सगळी झाडं कुंड्यांतच आहेत.